गुरुअण्णांचे दोन गाल

गेल्या वर्षी जवळजवळ रोज सकाळी साडेनऊला आमच्या औषधाच्या दुकानासमोर एक उंच, सडसडीत म्हातारा येऊन उभा राहायचा. डोक्यावरची पांढरी टोपी काढून काउंटरवर ठेवायचा, तोंड रस्त्याच्या उजेडाकडे वळवायचा आणि पिशवीतून रंगांच्या नमुन्यांचं जाडजूड पुस्तक काढून त्यातली लाल रंगाची पानं गालाला लावायचा. आधी डाव्या, मग उजव्या.

"नोडी अक्का," म्हणायचा. "डावा चार, उजवा नऊ. बरोबर हाय की?"

'नोडी' म्हणजे कानडीत 'बघा'. मी कुणाच्या बीपीच्या गोळ्या काढत असले तरी मान वर करून बघावं लागायचं. नुसतं "हो" म्हटलेलं चालत नसे. एकदा मी घाईत "उजवा आठ" म्हटलं, तर त्यांनी मला काउंटरच्या बाहेर बोलावून, पायरीवर उभं करून पुन्हा बघायला लावलं. "आत ट्यूबलाइट हाय. ट्यूबलाइट खोटं बोलती." खोकल्याचं औषध घ्यायला आलेल्या एका बाईंनी त्या दिवशी न विचारता सांगितलं, "मला तर नऊच वाटतोय." तेव्हापासून त्या बाई भेटल्या की अण्णा त्यांच्या खोकल्याची आवर्जून चौकशी करतात. बाईंचा खोकला केव्हाच गेलाय.

हे गुरुलिंगप्पा, म्हणजे आम्हा सगळ्यांचे गुरुअण्णा. आमच्या मागच्याच गल्लीत राहतात. बायको, शांतक्का, चार वर्षांपूर्वी वारली. मुलगा पुण्यात. अण्णांनी सगळी उमर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यांत रंगमास्तर म्हणून काढली. व्यापाऱ्यानं बोटभर चिंधी पाठवायची आणि तसाच्या तसा रंग अण्णांनी सुताला द्यायचा. गुलाबीत गुलाबी किती प्रकारचे असतात हे अण्णांना विचारलं की माणसाची दुपार जाते.

त्या कामानं त्यांना एक खोड लावली. रंगवायच्या कापडाचा वीतभर तुकडा ते नेहमी कोरा ठेवत. "नमुना ठेवल्याबिगर निकाल न्हाय," हे त्यांचं ब्रीद. कारखाना सुटला, खोड सुटली नाही. घराच्या पुढच्या भिंतीला अर्ध्या भागात एका कंपनीचा रंग आणि अर्ध्या भागात दुसऱ्या कंपनीचा. कुठला आधी उडतो ते बघायचंय. एकदा दोन वेगळ्या चपलांचे जोड आणले, आणि एकातली डावी, दुसऱ्यातली उजवी घालून दोन महिने फिरले. लोक पायाकडे बघून हसायचे. अण्णा शांतपणे सांगायचे, "उजवीची टाच गेली बघा."

तर अशा माणसाचं तोंड दोन वर्षांपूर्वी लाल व्हायला लागलं.

आधी नुसते गाल आणि नाकाचा शेंडा. मग त्यावर बारीक पुटकुळ्या. सोलापूरचं ऊन, तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. पण मग मंद्रूपला त्यांच्या भाच्याचा साखरपुडा झाला. तिथं काय घडलं ते अण्णांनीच मला सांगितलं, आणि सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं, म्हणून मलाही फार कष्टानं गंभीर राहावं लागलं.

अण्णा लिंगायत, गळ्यात लिंग. उभ्या जन्मात सुपारीचं खांडसुद्धा खाल्लेलं नाही. मुलीच्या मामांनी त्यांच्या तोंडाकडे एकदा निरखून पाहिलं, हळूच दंडाला धरलं आणि म्हणाले, "पावणं, तुमची सोय मागच्या खोलीत केलीया." अण्णांना वाटलं, वडीलधारा म्हणून पंख्याखाली बसवतायत. गेले. खोलीत चार जण स्टीलचे पेले घेऊन बसले होते. त्यांनी सरकून जागा दिली. एकानं तर पाठीवर थाप मारून विचारलं, "किती वर्सं झाली?" अण्णांना वाटलं, नोकरीचं विचारतोय. म्हणाले, "पस्तीस." खोलीत एकदम आदर पसरला.

अर्धा तास अण्णा सोडा पीत बसले आणि बाहेर आले तेव्हा सगळ्या मांडवानं त्यांना त्या दारातून येताना पाहिलं. सख्खी बहीण दोन महिने बोलली नाही.

त्यानंतर ते त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. परत येताना चिठ्ठी घेऊन माझ्याकडे आले.

"रोजेशिया म्हणत्यात अक्का. रोज येतो म्हणून रोजेशिया असंल."

मेट्रोनिडाझोलचं जेल होतं. मी नळी दिली, दोन्ही गालांना लावा म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांनी अण्णा आले तर नळी तशीच भरलेली वाटली. विचारलं तेव्हा शांतपणे म्हणाले, "निम्मीच लागती. डाव्यालाच लावतोय. उजवा नमुना."

मी सांगून पाहिलं. डॉक्टरीणबाई रागावल्या. अण्णांचं म्हणणं एकच. "दोनी गाल बरं झालं तर औषधानं झालं का आपोआप झालं, कसं कळणार? तुमी सांगा."

मग आमच्या दुकानात ती रोज सकाळची तपासणी सुरू झाली. एखादं औषध कामाला लागायला आठवडे लागतात हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते, पण ते असं रोज पायरीवर उभं राहून कधी पाहिलं नव्हतं. पहिले तीन आठवडे काही नाही. चौथ्यात डाव्या गालावरच्या पुटकुळ्या बसायला लागल्या. आठव्यापर्यंत डावा गाल शांत आणि उजवा तसाच पेटलेला. समोरून पाहिलं की दोन माणसं एका टोपीखाली उभी आहेत असं वाटायचं. न्हावी म्हणे दाढी करताना बाजू बदलली की आवाजही बदलायचा, डावीकडे "सर" आणि उजवीकडे "काका".

पथ्यंही होती. तिखट, कढत चहा आणि ऊन, या तिन्हींनी तोंड पेटतं. सोलापुरात राहून हे तिन्ही टाळायचे म्हणजे नदीत राहून पाणी टाळण्यासारखं. अण्णांनी शेंगाचटणी सोडली. चहा मागवून समोर ठेवायचे आणि तो पार गार होईपर्यंत वाट बघायचे. चहावाल्याला आधी तो अपमान वाटला.

उजव्या गालाचं काही बरं दिसेना तेव्हा डॉक्टरीणबाईंनी डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल लिहिल्या. अण्णा चिठ्ठी घेऊन आले ते चिंतेतच.

"अक्का, कॅप्सूल एका गालाला लागू करता येती का?"

"नाही अण्णा. पोटात जाते, सगळीकडे लागू होते."

"मग नमुना?"

"नमुना नाही."

मग त्यांनी तोडगा काढला. कॅप्सूल चालू असताना जेल पूर्ण बंद, म्हणजे आधीचे महिने जेलचे आणि हे महिने कॅप्सूलचे, असा सामना. डॉक्टरीणबाई थकून "बरं" म्हणाल्या. मी त्यांना कॅप्सूलचे नियम सांगितले. जेवणानंतर, भांडंभर पाण्याबरोबर, घेतल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही, दुधाबरोबर नाही, आणि ऊन जपायचं कारण या औषधानं कातडी उन्हाला जास्त हुळहुळी होते. अण्णांनी शब्दन् शब्द पाळला. ऐन मे महिन्यात, ढगाचा ठिपका नसताना, काळी छत्री उघडून एमआयडीसीच्या रस्त्यानं चालायचे. ट्रकवाले वळून बघायचे.

निकाल त्यांनी मला पायरीवर उभं राहून सांगितला. "कॅप्सूल लवकर धावती. तीन आठवड्यात पुटकुळ्या बसल्या. जेल हळू जातं पण टिकून जातं. आणि मूळचा लालपणा दोघांनाबी पुरता न्हाय जात. तो आपला ऊन बघून र्‍हायचा." इतकं नेटकं मला पुस्तकातही वाचायला मिळालं नव्हतं. जंतू मारायचं हे औषध इथं मुळात सूज उतरवायला देतात, हेही त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारून घेतलं होतं. शेजारच्या एकानं आपल्या मुलाच्या मुरमांसाठी उरलेल्या कॅप्सूल मागितल्या, तर अण्णा फटकन म्हणाले, "ही चिठ्ठी माझ्या तोंडाची हाय. तुमच्या पोराचं तोंड डॉक्टरला दावा."

कॅप्सूलचा कोर्स संपला. आता दोन्ही गालांना जेल लावत राहा, नाहीतर परत येईल, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं. इथं हे प्रकरण संपायला हवं होतं.

त्याच आठवड्यात रेणुका दुकानात आली. चोवीस-पंचवीसची, तेलुगू विणकरांच्या घरातली पोर. आमच्या दुकानापासून हाकेवर असलेल्या टॉवेलच्या युनिटमध्ये काठ शिवायचं काम करते. डोळ्यांपर्यंत स्कार्फ. आमच्याकडे उन्हात सगळ्याच पोरी स्कार्फ बांधतात, पण ही पंख्याखाली उभी राहूनही सैल करत नव्हती. तिनं एक रिकामी नळी काउंटरवर सरकवली.

"ही द्या ना."

मी नळी पाहिली. त्यात स्टेरॉइड होतं. "चिठ्ठी आहे?"

"चिठ्ठी नाही. पार्लरमध्ये सांगितलं होतं. आधी चांगलं गोरं झालं. आता एक दिवस नाही लावलं तर आग होते, पुळ्या येतात."

"अगं, याच नळीनं होतंय ते. डॉक्टरांना दाखव."

"डॉक्टर पण नळीच देणार ना. मग हीच द्या."

अण्णा शेजारीच उभे होते. त्यांच्यातला रंगमास्तर जागा झाला. "पोरी, ते फडकं काढ आणि उजेडात ये बघू. हितं ट्यूबलाइट खोटं बोलती."

रेणुकानं त्यांच्याकडे एकदा पाहिलं, रिकामी नळी उचलली आणि निघून गेली.

अण्णांनी काउंटरवरची टोपी उचलून डोक्यावर घातली. मग म्हणाले, "चुकलं की अक्का."

त्यानंतर मी बघते तो अण्णांचा उजवा गाल पुन्हा पेटायला लागला. विचारलं तर कबूल केलं, जेल डाव्यालाच लावतोय. मी चिडले. झाली की तुमची परीक्षा, निकाल पण लागला, आता कसला नमुना? ते नुसते म्हणाले, "थोडं दिवस."

त्या थोड्या दिवसांत त्या भाच्याचं लग्न आलं. मी हात जोडून सांगितलं, लग्नापुरतं तरी उजव्याला लावा, मंद्रूपची तीच माणसं असणार. अण्णा तसेच गेले, अर्धं तोंड लालभडक घेऊन. परत आल्यावर सांगितलं, "मुलीचा मामा परत मागच्या खोलीकडं बोट दावत होता. मी म्हटलं, आज डाव्या बाजूनं सोवळा हाय." बहिणीनं मात्र पुन्हा अबोला धरला, आणि त्याचं त्यांना लागलं होतं हे मला दिसत होतं. तरी उजव्या गालाला जेल नाही.

मी ठरवून टाकलं, माणूस विक्षिप्त तो विक्षिप्तच.

पुढचं मला रेणुकाकडून कळलं. महिन्यानं ती दुकानात आली, या वेळी डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी घेऊन. मी औषधं काढता काढता म्हटलं, "बरं झालं गेलीस. कुणी पाठवलं?"

"तातांनी," ती म्हणाली. तेलुगूत आजोबांना तसंच म्हणतात.

अण्णा म्हणे रोज तिच्या जेवणाच्या सुट्टीत युनिटच्या फाटकासमोर चहाच्या गाड्यावर येऊन बसायचे. तिच्याशी एक शब्द नाही. गार चहा, छत्री आणि दोन रंगांचं तोंड. पोरी हसायच्या. ती भिंतीकडे तोंड करून, स्कार्फच्या आतून डबा खायची आणि अधूनमधून बघायची. असे तीन आठवडे गेले. शेवटी तिनंच जाऊन विचारलं, "ताता, तुमचा एकच गाल का बरा आहे?"

अण्णांनी सांगितलं, "ह्याला डॉक्टरचं औषध लावतो. ह्याला लावत न्हाय."

"का नाही लावत?"

"तू इचारावंस म्हणून."

मग अण्णा म्हणाले, "तू ज्या दिवशी डॉक्टरचं औषध चालू करशील, त्या दिवशी मीबी उजव्याला लावीन. बघू कोण आधी बरं होतंय."

मी औषधांची पिशवी तिच्या हातात दिली आणि उगाच खालचा खण आवरत बसले. मंद्रूपचं लग्न, बहिणीचा अबोला, माझी बडबड, सगळं ऐकून घेतलं होतं म्हाताऱ्यानं, आणि कारण सांगितलं नव्हतं.

ती नळी सुटताना रेणुकाचे फार हाल झाले. डॉक्टरीणबाईंनी आधीच सांगितलं होतं की स्टेरॉइड थांबवलं की तोंड आधी जास्त भडकेल. भडकलं. दोघं जेवणाच्या सुट्टीत माझ्या दुकानाच्या पायरीवर यायची. एका दुपारी ती स्कार्फ ओला करून तोंडावर दाबून बसली होती आणि म्हणाली, "ताई, ती जुनी नळी द्या. एकदाच. मला नाही सहन होत."

मी समजूत घालायला तोंड उघडलं. अण्णांनी हातानं थांबवलं. "दाव," ते तिला म्हणाले. तिनं स्कार्फ काढला. त्यांनी सावकाश बघितलं, एक गाल, कपाळ, हनुवटी, दुसरा गाल. बाई कापडाचा पोत बघते तसं, लक्ष देऊन.

"लाल हाय," ते म्हणाले. "लई लाल हाय. खोटं सांगणार न्हाय. पण सोमवारपेक्षा जास्त न्हाय."

"नक्की?"

"मी पस्तीस वर्सं हेच केलंय पोरी."

तिनं स्कार्फ पुन्हा बांधला, पण नळी मागितली नाही. एखाद्यानं "काही नाही गं, छान दिसतेस" म्हटलं असतं तर ती त्याच पावली दुसऱ्या दुकानात गेली असती, असं मला वाटतं.

संक्रांतीपर्यंत तिच्या पुळ्या गेल्या. थोडी लाली राहिली, ती राहणारच, ऊन सांभाळलं की बेतात असते. अण्णांचा उजवा गाल त्याच्या दोन आठवडे आधी शांत झाला होता, पण त्यांनी हरल्याचं जाहीर केलं. कुणी कारण विचारलं तर म्हणायचे, "तिचं तोंड लहान, काम जास्त." रेणुका आता फाटकाशी पोरींच्या घोळक्यात बसून उघड्या तोंडानं जेवते. तातांसाठी बिनतिखटाची भाजी वेगळी काढून आणते आणि ती त्यांनी संपवेपर्यंत उठत नाही.

मागच्या आठवड्यात दुकानात कुणी नव्हतं. अण्णा सहज येऊन स्टुलावर बसले होते. मी विचारलं, "अण्णा, त्या पोरीसाठी एवढं कशाला केलंत? तुमची ना ओळख ना पाळख."

ते म्हणाले, "आमच्या शांतीला कोड होतं."

मला माहीत नव्हतं. शांतक्का कितीदा दुकानात आल्या होत्या. कायम मनगटापर्यंत बाह्या, उन्हाळ्यातसुद्धा. मला वाटायचं, जुन्या वळणाच्या बाई.

"पहिला डाग हातावर आला तवा तिच्या आधी मला दिसला," अण्णा म्हणाले. "माझं कामच ते. तिला वाईट वाटू नये म्हणून मी तिकडं बघायचंच सोडलं. तिनं लांब बाह्यांची झंपरं शिवली, मी इचारलं न्हाय. मला वाटायचं, मी लई समजूतदार. दुनियेचे रंग बघत र्‍हायलो आन् घरात आलो की मान खाली."

पंखा फिरत होता.

"शेवटी दवाखान्यात नर्सनं सुई लावायला तिची बाही वर केली. तर ही मला म्हणाली, तुमी तिकडं तोंड करा. तिला वाटायचं, मला बघवत न्हाय. आन् मी केलं की अक्का. तवाबी केलं तिकडं तोंड."

समोर युनिटची जेवणाची सुट्टी झाली होती. बायका फाटकातून बाहेर पडत होत्या, आणि रेणुका डबा घेऊन थांबली होती. अण्णा उठले, पायरी उतरले आणि तिच्याकडे बघत बघत रस्ता ओलांडून गेले.